दोन चिंचोके आणि पिवळं कार्ड

सासूबाईंनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून एकेक कागद काढला. रेशनकार्ड, आधार, रोजगार हमीचं जॉबकार्ड आणि तळाशी एक पिवळं कार्ड. ते माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "सिस्टर, सुनेचं कार्ड असं पिवळं काऊन आलं जी? आमच्या घरी तं कोणालेच काही नाही. तिच्या माहेरचंच असन हे."

सून दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिसरा महिना सरत आलेला. नवरा मिरची तोडायला तेलंगणात गेलेला.

गडचिरोली आणि चंद्रपूरच्या हद्दीवरच्या एका उपकेंद्रात मी सोळा वर्षं नर्स आहे. शिकत असताना आनुवंशिकता आम्हाला दोन-तीन तासिकांत उरकली होती. मेंडेलचे वाटाणे, उंच झाड, बुटकं झाड, परीक्षेला पाच मार्क. धानाच्या पट्ट्यात वाढलेल्या मुलींना ते वाटाणे काही जवळचे वाटले नाहीत. पुढे हाच विषय रोज लोकांच्या उंबरठ्यावर भेटेल, तोही "दोष कोणाचा" असं विचारत, हे तेव्हा कोणी सांगितलं नाही.

आधी कार्डाचं सांगते. आमच्याकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी झाली की रंगाचं कार्ड मिळतं. लाल म्हणजे रुग्ण, पिवळं म्हणजे वाहक, स्वतः आजारी नाही पण पुढे देऊ शकतो असा, पांढरं म्हणजे तपासणीत सिकलसेल सापडला नाही. वाहकाला सगळे 'एएस' म्हणतात आणि रुग्णाला 'एसएस'. कधी शाळेचं तोंड न पाहिलेली आजीसुद्धा "माह्या नातवाले डबल एस आहे" असं बिनचूक सांगते. अक्षरं सगळ्यांना पाठ आहेत, त्यांचा अर्थ मात्र अर्ध्यांनाच ठाऊक.

रक्तातल्या तांबड्या पेशींमध्ये हिमोग्लोबिन असतं आणि ते अंगभर प्राणवायू पोचवतं. त्याच्या एका भागाला बीटा साखळी म्हणतात. ही साखळी म्हणजे १४६ मण्यांची पोत समजा. कुठला मणी कुठे ओवायचा हे जनुकात लिहिलेलं असतं. त्या जनुकाच्या प्रत्येकाकडे दोन प्रती, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. सिकलसेलमध्ये या पोतीतला फक्त सहावा मणी बदलतो. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं. बाकीचे १४५ मणी जिथल्या तिथे. साधी प्रत म्हणजे 'ए', बदललेली म्हणजे 'एस'.

एवढ्याने काय होतं? प्राणवायू सोडला की हे बदललेलं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून पेशीच्या आत लांब काड्या धरतं. मग गोल, लवचिक पेशी ताठ होते आणि विळ्यासारखी वाकते. बारीक नसांमध्ये अशा पेशी अडकतात. पुढे रक्त जात नाही, आणि जिथे जात नाही तिथे ठणका सुरू होतो. साधी तांबडी पेशी साधारण १२० दिवस टिकते, ही १० ते २० दिवसांत फुटते. म्हणून रक्त कमी आणि डोळे पिवळे. त्या पिवळ्या डोळ्यांना कावीळ समजून किती पोरांना आधी झाडपाल्याचं औषध पाजलं जातं, ते मी मोजायचं सोडून दिलं आहे.

विळ्यासारख्या या पेशी १९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरांनी पहिल्यांदा लिहून ठेवल्या. रुग्ण होता ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला एक तरुण. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग यांनी दाखवलं की बिघाड थेट हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे. काही वर्षांनी व्हर्नन इन्ग्रॅम यांनी नेमका तो मणी शोधला. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये याची नोंद झाली, आणि १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांचा मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा लेख 'लॅन्सेट'मध्ये आला. म्हणजे आपल्या भागात हे काल-परवा आलेलं नाही. त्याला नाव तेवढं उशिरा मिळालं.

पण इथेच एवढं का? उत्तर मलेरियात आहे. ज्याच्याकडे एकच बदललेली प्रत आहे, त्या वाहकाला फॅल्सिपेरम या घातक प्रकारच्या मलेरियाचा जीवघेणा तडाखा कमी बसतो. पिढ्यान्‌पिढ्या जंगलपट्ट्यात तापाने पोरं जात होती तेव्हा वाहक पोरं जास्त वाचली, मोठी झाली, त्यांनाही पोरं झाली. एक प्रत पदरात असेल तर ढाल, दोन असतील तर आजार. सासूबाईंना मी हेच सांगितलं, की सुनेच्या कुठल्या तरी पणजोबाला यानंच वाचवलं असेल. त्यांना ते फारसं पटलं नाही. पण माहेरावरचं बोलणं तेवढ्यापुरतं थांबलं.

"हा आदिवासींचा आजार" हे वाक्य मात्र खोडायलाच हवं. गोंड, माडिया, परधान समाजात तो आहेच. पण नागपूर विभागात अनुसूचित जातींमध्ये आणि कुणबी, तेली अशा शेतकरी-कारागीर समाजांतही सिकलसेल भरपूर सापडतो. आडनाव पाहून कोणाला तपासायचं ते ठरवलं की नेमकी तीच माणसं सुटतात.

आता चिंचोके. मी पर्समध्ये नेहमी दोन अर्धे चिंचोके ठेवते. चिंचोका मधोमध फोडला की आतली बाजू पांढरी आणि पाठ तपकिरी. लहानपणी पट मांडून खेळताना आपण कवड्यांऐवजी हेच टाकायचो. एक चिंचोका आईचा, एक बापाचा. दोघेही वाहक आहेत असं धरू. म्हणजे दोघांकडे एक बरी प्रत, ती पांढरी बाजू, आणि एक बदललेली, ती तपकिरी. दिवस राहताना दोघंही आपापली एकच प्रत देतात. कुठली द्यायची हे ठरवणं कोणाच्याच हातात नाही.

मी सासूबाईंनाच टाकायला लावलं. दोन्ही पांढरे पडले तर मूल साधं, आजारही नाही आणि वाहकही नाही. एक पांढरा एक तपकिरी पडला तर मूल वाहक, आईबापासारखंच. दोन्ही तपकिरी पडले तर मूल एसएस. चार पद्धतीने पडू शकतात, त्यातली एक पद्धत आजाराची. शंभरात पंचवीस म्हणतात ते हेच. चिंचोक्याची पाठ फुगीर असते, त्यामुळे तो अगदी निम्मानिम पडत नाही हे मला माहीत आहे. समजवायला चालतो.

पंचवीस टक्के या शब्दाचा गावात जो अर्थ लागतो तो भयंकर आहे. "पहिलं पोट्टं एसएस निघालं, आता पुढच्या तिघाले भेव नाही," असं मला एका बापाने अगदी निर्धास्तपणे सांगितलं होतं. चिंचोक्यांना मागचा डाव आठवत नाही. प्रत्येक गरोदरपणात ते नव्याने पडतात. सलग दोन मुलं एसएस असलेली घरं आहेत, आणि चारही मुलं निरोगी असलेली, स्वतः वाहक आहोत हे आईबापांना ठाऊकच नसलेलीही आहेत.

एकच जोडीदार वाहक असेल आणि दुसऱ्याच्या दोन्ही प्रती बऱ्या असतील, तर एकही मूल एसएस होत नाही. निम्म्या शक्यतेने वाहक होतं, बस. जोडीदारांपैकी एक एसएस आणि दुसरा पूर्ण बरा असेल तर सगळी मुलं वाहक. एक एसएस आणि एक वाहक असेल तर निम्मी शक्यता आजाराची. म्हणून 'वाहकाने लग्नच करू नये' हे चूक. वाहक म्हणजे आजारी नव्हे. तो शेतात राबतो, धावतो, म्हातारा होतो. कार्डं पाहायची ती एवढ्याचसाठी की दोन पिवळी एकत्र येताना दोघांना ते ठाऊक असावं.

तपासणीचं जरा नीट सांगते, कारण घोटाळे इथेच होतात. गावात होते ती सोल्युबिलिटी टेस्ट. बोटाचं थेंबभर रक्त नळीतल्या द्रावणात टाकायचं, काही मिनिटं थांबायचं, नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, द्रावण गढूळ होऊन रेघा लपल्या तर पॉझिटिव्ह. पण ही चाचणी फक्त एवढंच सांगते की सिकलचं हिमोग्लोबिन आहे. एक प्रत की दोन, ते तिला कळत नाही. त्यासाठी नमुना पुढे इलेक्ट्रोफोरेसिसला किंवा एचपीएलसीला जातो, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या प्रयोगशाळेतल्या तपासण्यांना. त्या निकालाआधी पेशंटच्या कानावर 'एसएस' शब्द घालणारा कर्मचारी माझ्या समोर आला तर मी त्याला बाजूला घेऊन बोलते, आणि आवाज फार खाली ठेवत नाही.

आणखी दोन गोष्टी. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त असतं, त्यामुळे सोल्युबिलिटी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. आणि ज्याला नुकतंच रक्त चढवलं आहे त्याचा रिपोर्ट अर्धा रक्तदात्याचा असतो. रक्त कधी चढवलं हे फॉर्मवर लिहायचं काम नर्सचं. ते राहिलं तर प्रयोगशाळेत कितीही चांगलं मशीन असलं तरी फसतं.

पांढऱ्या कार्डाबद्दल मला एक घर आठवतं. बाई वाहक. नवऱ्याची सोल्युबिलिटी निगेटिव्ह, हातात पांढरं कार्ड. आणि मूल आजारी, रिपोर्ट जवळजवळ एसएससारखा. आता चिंचोके मांडून पाहा. बापाकडून तपकिरी येऊच शकत नाही, मग पोराचे दोन्ही तपकिरी कसे? हे गणित त्या घरातल्या दहावी शिकलेल्या दिराने मांडलं, आणि उत्तर त्याने बाईच्या चारित्र्यात शोधलं. बाई पोराला घेऊन माहेरी गेली. मी पोचले तेव्हा महिना झाला होता.

नवऱ्याला तालुक्याला नेऊन एचपीएलसी करवली. त्यात ए-टू नावाचं हिमोग्लोबिन वाढलेलं निघालं. तो बीटा थॅलेसेमियाचा वाहक होता. थॅलेसेमियात पोतीतला मणी बदललेला नसतो, पोत ओवलीच जात नाही किंवा फार कमी ओवली जाते. सोल्युबिलिटीला ते दिसतच नाही. आईकडून सिकल, बापाकडून थॅलेसेमिया, आणि पोराच्या वाट्याला सिकल-बीटा थॅलेसेमिया. तो एसएसइतकाच त्रास देऊ शकतो. पोर त्याच बापाचं होतं. तो माणूस तालुक्याच्या एसटी स्टँडवर बसून बराच वेळ काही बोलला नाही. संध्याकाळच्या गाडीने सासुरवाडीला गेला.

तेव्हापासून माझा नियम आहे. घरातल्या लोकांच्या रिपोर्टांचा मेळ बसत नसेल तर घरच्यांसमोर तोंड उघडायचं नाही. आधी नमुन्यांची अदलाबदल झाली का ते पाहायचं, मग एचपीएलसी. आणि कधी खरोखरच मेळ बसला नाही, तर ते सांगायचं की नाही, कोणाला आणि कसं, हे त्या बाईशी एकटीशी बोलून, तिच्या इच्छेने. रक्ताच्या तपासणीत एका माणसाबद्दल विचारलेलं असतं आणि ती घरभराचं सांगून जाते. म्हणून रिपोर्ट आशाताईच्या वहीत उघडा ठेवायचा नाही. सोयरीक जुळवणारा मामा विचारायला आला तर "मुलीला विचारा, तिची इच्छा असेल तर तीच सांगेल" एवढंच. मुलीचं कार्ड पाहिल्याशिवाय सोयरीक नाही आणि मुलाचं मात्र काढलेलंच नाही, हे तर पावलोपावली.

घराची माहिती घेण्याची एक सोपी रीत आहे. अंगणात काडीने चौकोन आणि गोल काढायचे. पुरुष चौकोन, बाई गोल, तीन पिढ्या. मग विचारायचं. कोणाला लहानपणी हातपाय सुजायचे? कोणाला घडी घडी रक्त लागायचं? कोण लहानपणीच गेलं? हा शेवटचा प्रश्न हळू विचारायचा. "तापानं गेला," "बाहेरचं झालं," "करणी केली" अशी उत्तरं येतात, आणि जमिनीवरचे ते चौकोन बघता बघता आजी स्वतःच गप्प होते. नात्यात लग्न झालंय का, तेही विचारायचं. आते-मामे भावंडांत लग्नं आपल्याकडे होतात, गोंड समाजात तर 'दूध लौटावा' म्हणून त्याला मान आहे. नात्यातल्या लग्नाने नवा बिघाड तयार होत नाही. एकाच आजोबाची तपकिरी प्रत दोन्ही बाजूंनी येण्याची शक्यता वाढते, इतकंच. हे हिणवून सांगितलं तर लोक ऐकत नाहीत, आणि का ऐकावं?

गरोदरपणात बाळाची तपासणी करता येते. साधारण ११ ते १३ आठवड्यांत वारेचा बारीक तुकडा घेऊन, किंवा १६ आठवड्यांच्या सुमारास गर्भजल घेऊन. ही सोय मोठ्या केंद्रातच. १९९४ च्या गर्भलिंग निदानविरोधी कायद्याने लिंग सांगण्याला बंदी आहे, पण हिमोग्लोबिनच्या आजारांसाठीची गर्भतपासणी कायदेशीर आहे. दोन्हींची सरमिसळ करून लोक घाबरतात. बाळ एसएस निघालं तर पुढे काय करायचं, गर्भपाताच्या कायद्यात काय बसतं, हे डॉक्टरांनी समजावून द्यायचं आणि निर्णय त्या दोघांनी घ्यायचा. मी त्यात "माझं ऐका" म्हणत नाही. एसएस असूनही शिकून नोकरीला लागलेली माणसं मी पाहिली आहेत आणि दर पंधरवड्याला वॉर्डात कण्हणारी पोरंही. दोन्ही सांगते.

लाल कार्डवाल्या पोराच्या घरी मी चार गोष्टी पुन्हा पुन्हा बोलते. पाणी भरपूर, चंद्रपूरचा पारा पंचेचाळिशीच्या वर जातो तेव्हा तर शाळेच्या दप्तरात बाटली हवीच. ताप १०१ वर गेला की घरी वाट पाहायची नाही, रात्र असली तरी दवाखाना, कारण या मुलांची प्लीहा लवकर निकामी होते आणि जंतुसंसर्ग भराभर पसरतो. प्लीहा म्हणजे आमच्याकडची 'पानथरी'. आईचा हात डाव्या बरगडीखाली ठेवून ती कशी लागते ते दाखवायचं, आणि अचानक मोठी झाली, पोर पांढरंफटक पडलं तर धावायचं. लसी चुकवायच्या नाहीत. डॉक्टरांनी हायड्रॉक्सीयुरिया सुरू केलं असेल तर ते दुखल्यावर घ्यायचं औषध नाही, रोजचं आहे. त्याने गर्भातलं हिमोग्लोबिन वाढतं आणि पेशी कमी वाकतात. मधूनमधून रक्त तपासावं लागतं, आणि मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावं लागतं. आणि ज्याला वरचेवर रक्त चढतं त्याला 'रक्तवाढीची गोळी' म्हणून लोह मनाने द्यायचं नाही, अंगात लोह आधीच साठत असतं.

दुखण्याबद्दल माझा राग आहे, तो लिहून टाकते. एसएसचा मुलगा रात्री दवाखान्यात ओरडत येतो तेव्हा 'नाटक करतो', 'इंजेक्शनची सवय लागलीय' असं म्हणणारे आमच्याच पेशातले. हाडाच्या आत रक्त अडलेलं बाहेरून दिसत नाही. तो म्हणतो तेवढं दुखतंय, असंच धरून चालायचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आहे, त्याचं प्रमाणपत्र काढता येतं, हेही बऱ्याच घरांना कोणी सांगितलेलं नसतं.

सिकलसेलच्या गडबडीत आणखी एक जनुक विसरलं जातं, तेही मलेरियामुळेच आपल्या भागात टिकलेलं. जी-सिक्स-पीडी या तांबड्या पेशींना जपणाऱ्या विकराची कमतरता. व्हायवॅक्स या दुसऱ्या प्रकारच्या मलेरियाला १४ दिवस प्रायमाक्विनच्या गोळ्या देतो, ते या माणसांच्या तांबड्या पेशी फोडू शकतं. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि पुरुषाकडे एक्स एकच, म्हणून पुरुषांत जास्त दिसतं. गोळ्या देताना एक वाक्य बोलायचं: "लघवी काळ्या चहासारखी झाली तर गोळी बंद आणि आधी माझ्याकडे." हिमोफिलियाची, म्हणजे रक्त लवकर न थांबण्याच्या आजाराची, वाटही तीच, आईकडून मुलाला. रांगणाऱ्या मुलाचे गुडघे सुजत असतील, मामाला लहानपणी रक्त थांबायचं नाही असं कळलं, तर लसीची सुई टोचण्याआधी डॉक्टरांना विचारायचं.

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांना तपासायचं आणि २०४७ पर्यंत निर्मूलन करायचं असं. त्याच वर्षी ब्रिटन आणि अमेरिकेत जनुकात थेट दुरुस्ती करणाऱ्या उपचाराला मंजुरी मिळाली. अमेरिकेत त्याची किंमत वीस लाख डॉलरच्या वर आहे. आमच्या उपकेंद्रात सध्या सोल्युबिलिटीच्या नळ्या संपू नयेत एवढीच माझी खटपट असते.

त्या सुनेचा नवरा मिरचीचा हंगाम संपल्यावर परतला. तोवर वारेच्या तपासणीचे दिवस निघून गेले होते. त्याचाही एएस आला. म्हणजे ते सासर-माहेर दोन्हीकडचं होतं, सासूबाई किंवा सासरे यांच्यापैकी एकाचं तरी. सासूबाईंनी चिंचोके हातात घेऊन उलटसुलट पाहिले, आणि स्वतःहून बोट पुढे केलं. "माही बी पाह्य." त्यांना पिवळं कार्ड मिळालं.

गर्भजलासाठी नागपूरला जायचं की नाही यावर दोघं आठवडाभर बोलले आणि नको म्हणाले. मुलगी झाली. टाचेचं रक्त कागदावर घेऊन एचपीएलसीला पाठवलं आहे, सहा महिन्यांनी पुन्हा पाठवायचं. परवा लसीकरणाला आजीच बाळाला घेऊन आली. रांगेत असतानाच तिने विचारलं, "कागद आला का जी?" मी नाही म्हटलं. तिने दुपट्याची गाठ सैल केली, चार बोटं बाळाच्या डाव्या बरगडीखाली ठेवली आणि म्हणाली, "आज तं नाही लागत."